चढण आणि तारतम्य

फ्रान्सच्या आग्नेय भागांत, आल्प्स पर्वताच्या कुशींत, बूर-द्वाझां नांवाचें एक लहानसें गांव आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारें ७२० मीटर, म्हणजे आपल्या लोणावळ्याहून थोडी अधिक. दरवर्षीं उन्हाळ्याच्या ऐन भरांत एका दिवशीं ह्या गांवीं पहांटे कित्येक हजार सायकलस्वार गोळा होतात. त्यांत शिक्षक असतात, वैद्य असतात, दुकानदार व कारकून असतात, नातवंडें असलेले पेन्शनर असतात, स्त्रियाही असतात. सायकल हांकणें हा त्यांपैकीं बहुतेकांचा पोटाचा धंदा नव्हे. तरी त्या एका दिवसांत ते सुमारें १७४ किलोमीटरांचा असा मार्ग आक्रमूं पाहतात कीं, ज्यावरील चढांची बेरीजच पांच हजार मीटर भरते. १९८२ सालीं सुरू झालेल्या ह्या उपक्रमाचें नांव 'ला मार्मोत'. मार्मोत हा आल्प्सच्या उंच कुरणांत राहणारा, धोका दिसतांच शीळ घालणारा आणि हिवाळाभर बिळांत झोंप काढणारा एक केसाळ प्राणी. हिवाळाभर घरांत बसलेल्या गृहस्थानें उन्हाळा येतांच डोंगर चढावयास निघावें, ह्या उद्योगाला तें नांव मुळींच वावगें नाहीं.

नुसते आंकडे वाचून त्यांचें गांभीर्य ध्यानांत येत नाहीं. म्हणून आपल्याकडील मापानें मोजून पाहूं. खोपोलीहून बोरघाट चढून खंडाळ्यास पोहोंचावयाचें तर सुमारें पांचशें मीटर उंची गांठावी लागते. मुंबई-पुणें सायकल-शर्यत ज्यांनीं घाटाच्या कडेला उभें राहून पाहिली आहे, त्यांना तेवढ्या चढावर भल्या भल्या जवानांचे खांदे कसे डोलूं लागतात हें ठाऊक आहे. ला मार्मोतच्या स्वारानें असे दहा बोरघाट एका दिवसांत चढावयाचे असतात. कळसूबाईचें शिखर महाराष्ट्रांत सर्वांत उंच; तें १६४६ मीटर आहे. ह्या मार्गावरील गालिबिए नांवाची खिंड २६४२ मीटरांवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी हजार मीटरांचा डोंगर रचावा आणि त्याच्या टोंकापर्यंत डांबरी सडक न्यावी, तेव्हां कोठें तिची बरोबरी व्हावयाची.

हा एकच उपक्रम आहे असेंही नाहीं. इटलीच्या दोलोमिती पर्वतांत १९८७ पासून अशीच एक मोठी स्वारी निघते. आणि फ्रान्सच्या जगप्रसिद्ध शर्यतीचा, 'तूर द फ्रान्स'चा, एक दिवसाचा टप्पा सामान्य जनांना बंद रस्त्यावर चालवूं देण्याची प्रथा १९९३ पासून चालू आहे. हजारों माणसें आपलें द्रव्य खर्च करून, रजा घालवून, हे क्लेश विकत घेतात. कां घेतात, आणि गृहस्थाश्रमी मनुष्यानें ते घ्यावे कीं नाहीं, हा आजच्या विचाराचा विषय आहे.

अशा लोकांना फ्रेंच भाषेंत 'आमातर' म्हणतात. हा शब्द लॅटिनमधील 'प्रेम करणारा' ह्या अर्थाच्या शब्दापासून निघाला आहे. आपण त्याला 'हौशी' हा प्रतिशब्द वापरतों. 'हौस' मूळची अरबी 'हवस', म्हणजे तीव्र वासना. एका शब्दाच्या पोटांत प्रेम आहे, दुसऱ्याच्या पोटांत लालसा आहे. डोंगर चढणाऱ्या गृहस्थाच्या मनांत बहुधा ह्या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत असतात, आणि दिवस कलतांना त्यांतील कोणती वरचढ ठरते ह्यावर त्याचें हित अवलंबून असतें.

आतां मार्ग पाहूं. प्रथम ग्लांदों खिंड, उंची १९२४ मीटर. हा चढ लांबलचक आणि फसवा आहे. मिळविलेली उंची मधेंच उतारावर घालवून तो पुनः चढावयास लावतो. पलीकडील उतार अरुंद व तीव्र वळणांचा. घाई करणाऱ्याला तेथें मोठा अपघात व्हावयाचा. म्हणून चालकांनीं एक नामी युक्ति काढली आहे. त्या उताराला लागणारा वेळ कोणाच्याही हिशेबांत धरावयाचा नाहीं, असें त्यांनीं ठरवून टाकिलें. घाईचें बक्षीसच काढून घेतल्यावर शहाणा मनुष्य आपोआप ब्रेकवर बोटें ठेवतो. नुसत्या उपदेशापेक्षां अशी रचना अधिक काम करते, हा अनुभव शाळेंत घालविलेल्या वर्षांत मीं पुष्कळदां घेतला आहे.

पुढें दरीतील सपाटीचा रस्ता लागतो. तेथें एकट्यानें वाऱ्याशीं झुंजण्यापेक्षां दहा-वीस जणांच्या मेळ्यांत राहून पाळीपाळीनें पुढें होणें हेंच शहाणपण. कारण पुढच्याच्या पाठीमागें राहणाऱ्यास वाऱ्याचा विरोध पुष्कळच कमी होतो. मग सां-मिशेल गांवापासून तेलेग्राफची १५६६ मीटर उंचीची खिंड, थोडा उतार, वाल्वार गांव, आणि तेथून सुमारें सतरा-अठरा किलोमीटरांची गालिबिएची चढण. तिचे शेवटचे आठ किलोमीटर सर्वांत खडे. तितक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या मानानें सुमारें तीन चतुर्थांशच उरतो. श्वास घ्यावा तरी पुरत नाहीं. दर हजार मीटरांस साधारण साडेसहा अंश ह्या प्रमाणानें थंडी वाढते. त्यामुळें खालीं दरींत उन्हानें भाजलेला मनुष्य माथ्यावर कुडकुडूं लागतो. घामानें भिजलेल्या अंगानें उतरूं लागल्यावर बोटें बधिर होतात आणि ब्रेक दाबवत नाहीं. म्हणून अनुभवी लोक पाठीच्या खिशांत घडी करून ठेवलेलें पातळ जाकीट माथ्यावर पोहोंचतांच चढवितात. चढणीपेक्षां उतरणीची तयारी अधिक करावी, हें त्यांचें पहिलें सूत्र.

शाळेंतील गणिताची संवय सुटत नाहीं, म्हणून येथें एक हिशेब मांडतों. स्वार व सायकल मिळून ८५ किलोग्रॅम वजन धरा. तें पांच हजार मीटर उंच नेण्याचें काम उष्णतेच्या मापांत सुमारें एक हजार किलोकॅलरी भरतें. परंतु मनुष्यदेहाचें यंत्र अन्नांतील शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा पायडलपर्यंत पोहोंचवितें. बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे नुसत्या चढासाठीं चार हजार किलोकॅलरी झाल्या. वाऱ्याचा विरोध आणि देहाचा नित्याचा खर्च निराळाच. सामान्य गृहस्थाचें जवळजवळ दोन दिवसांचें अन्न एवढ्यांतच संपलें.

जमेची बाजू पाहावी तर स्नायूंत व यकृतांत सांठविलेली साखर सुमारें दोन हजार किलोकॅलरींचीच. चरबीचा सांठा मोठा असतो, पण ती मंद जळते. जोराच्या चढावर एकट्या तिच्यावर भागत नाहीं. म्हणून भुकेची वाट न पाहतां थोडें थोडें खात राहावें लागतें: केळें, सुकें अंजीर, गुळाची पोळी, साखरेचें पाणी. जो पहाटेच्या उत्साहांत इतरांच्या मागें धांवत ग्लांदोंवर जोर करतो, तो व्याज सोडून मुद्दलास हात घालतो. त्याची हुंडी दुपारीं गालिबिएवर परत येते. एकाएकीं पाय शिशाचे होतात, डोळ्यांपुढें अंधारी येते, आणि मोठा शूर पुरुष लहान मुलासारखा रस्त्याच्या कडेला बसतो. युरोपांतील सायकलस्वार ह्या अवस्थेला 'हातोडेवाला भेटला' असें म्हणतात. हा हातोडेवाला सहसा अशक्त माणसाच्या वाटेस जात नाहीं. त्याला आरंभशूर माणूस आवडतो.

ह्या मार्गाची खरी परीक्षा मात्र पुढेंच आहे, आणि ती पायांची नाहीं. गालिबिए उतरून सुमारें पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर आल्यावर स्वार जेथें पोहोंचतो, तें गांव कोणतें? तेंच बूर-द्वाझां, जेथून तो पहांटे निघाला. तेथें त्याचें बिऱ्हाड असतें, मोटार उभी असते, कदाचित् बायको-मुलेंही असतात. एकशें साठ किलोमीटर पायांखालीं गेलेले असतात. आणि गांवाच्या वेशीवरूनच आल्प-द्युएझची शेवटची चढण सुरू होते: १३.८ किलोमीटर लांब, सुमारें अकराशें मीटर उंच, एकवीस वळणांची. पहिले दोन-तीन किलोमीटर सर्वांत उभे, आणि वर दुपारचें ऊन. १९५२ सालीं तूर द फ्रान्स प्रथम ह्या रस्त्यानें वर गेली, तेव्हां इटलीचा फाउस्तो कोप्पी तेथें जिंकला. आतां प्रत्येक वळणावर पाटी आहे आणि तीवर विजेत्यांचीं नांवें आहेत. पाट्यांचे आंकडे उलटे लावले आहेत. खालीं एकवीस, वर एक. व्यावसायिक वीर सुमारें चाळीस मिनिटांत वर पोहोंचतात. थकलेल्या हौशी मनुष्यास दीड-दोन तास सहज लागतात. ठराविक वेळेच्या आंत गांवांत न पोहोंचणाऱ्यास ही चढण चढूं देत नाहींत. त्याचा प्रश्न घड्याळ सोडवितें. परंतु जो वेळेंत पोहोंचला, त्यानें बिऱ्हाडाकडे पाहावें कीं डोंगराकडे, हें त्याचें त्यानेंच ठरवावयाचें असतें.

माझा एक जुना विद्यार्थी हल्लीं हॉलंडांत असतो. गणितांत हुषार, स्वभावानें हट्टी. पन्नाशी उलटल्यावर त्यानें हा डोंगर मनावर घेतला. दोन वर्षें तयारी करून तो गेला, आणि तिन्ही खिंडी ओलांडून बूर-द्वाझांस परत आला, तेव्हां मुदतीला अवकाश होता. त्यानें चढण धरली. वीस आंकड्याच्या वळणाशीं मात्र, भर उन्हांत, त्याच्या अंगावर कांटा आला, घाम थांबला, आणि वळणावरची पाटी त्याला एकाच्या दोन दिसूं लागली. त्यानें सायकल भिंतीला टेंकविली, सावलीला बसला, स्वयंसेवकाला हांक मारली आणि त्याच्याबरोबर खालीं आला. पुढें तो पुण्यास आला तेव्हां घरांत ह्या प्रकाराचीं दोन मतें झालीं. वडील बंधु म्हणाले, "अर्ध्या वाटेंत परतला असतास तर समजलों असतों, दारांत पाऊल टाकून परत फिरणें हा कच्चेपणा." आई म्हणाली, "पाटी दोन दिसली आणि तूं थांबलास. तुझें डोकें ठिकाणावर होतें एवढें मला पुरें." दोघांचेंही प्रेम खरें, पण बंधूंचे शब्द त्याच्या मनाला लागून राहिले. त्यानें मला पत्र घातलें: "गुरुजी, मी भ्यालों काय?"

मीं त्यास जें उत्तर लिहिलें, त्याचा सारांश असा. दुःख आणि धोका ह्या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत. मांड्या जळणें, धाप लागणें, पाठ धरणें, 'आतां पुरे' असें मनानें शंभरदां म्हणणें, हें दुःख होय. तें चढणीचें भाडें आहे आणि तें दिलेंच पाहिजे. परंतु छातींत दडपण येणें, कळ हातांत किंवा जबड्यांत उतरणें, काळजाचे ठोके वेडेवांकडे पडणें, उन्हांत थंडी वाजणें, दृष्टि व बुद्धि यांचा गोंधळ होणें, हा धोका होय. दुःख सोसणाऱ्याला आपण धीराचा म्हणतों. पण धोका न ओळखणाऱ्याला त्याच नांवानें गौरवूं नये. संस्कृतांत 'तर' आणि 'तम' असे दोन प्रत्यय आहेत. उच्चतर म्हणजे दोहोंत उंच, उच्चतम म्हणजे सर्वांत उंच. ह्या दोहोंपासूनच 'तारतम्य' हा शब्द झाला. ज्याला नुसता 'तम' कळतो, म्हणजे सर्वांत उंच जाणें एवढेंच कळतें, त्याला तारतम्य नाहीं. कालच्यापेक्षां आजचें बरें कीं वाईट, हें प्रत्येक वळणावर ज्याला मोजतां येतें, त्याला तारतम्य आहे. "तूं वीस आंकड्याच्या वळणाशीं मोजलेंस," असें मीं लिहिलें, "आणि उत्तर बरोबर आलें."

गीतेच्या सतराव्या अध्यायांत तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. फळाची आशा सोडून श्रद्धेनें केलेलें तें सात्त्विक. लोकांनीं वाहवा करावी म्हणून केलेलें तें राजस. आणि मूढ हट्टानें देहाला पीडा देऊन केलेलें तें तामस. डोंगरावरील सायकलस्वारांना हें वर्गीकरण तंतोतंत लागू पडतें. १३ जुलै १९६७ रोजीं फ्रान्समधील व्हांतू पर्वतावर इंग्लंडचा टॉम सिम्प्सन हा नामांकित व्यावसायिक वीर चढतां चढतां कोसळला व मरण पावला. वय अवघें २९. दोन वर्षांपूर्वींच तो जगज्जेता झाला होता. त्याच्या देहांत उत्तेजक औषध व मद्य यांचे अंश सांपडले. कडक ऊन, थकवा आणि थकव्याची जाणीव मारून टाकणारें औषध, ह्या तिहींनीं मिळून त्याचा घात केला. देहानें दिलेली सूचना औषधानें गप्प केली, एवढाच ह्याचा अर्थ. तो पोटासाठीं धांवणारा होता, म्हणून त्याची कींव तरी येते. परंतु २०१२ सालीं न्यूयॉर्क येथील एका सामुदायिक स्वारींत दोन हौशी स्वारांच्या तपासणींत रक्त वाढविणारें निषिद्ध औषध आढळलें, ह्याला काय म्हणावें? प्रेमाखातर आरंभिलेल्या उद्योगांत चोरी करण्याचें कारणच काय? तेथें प्रेम उरलें नव्हतें. हवस उरली होती.

ह्याच डोंगरावर दुसरेंही चित्र पाहावयास मिळतें. हॉलंड हा सपाट देश. तेथें डोंगर असा नाहींच. बहुधा त्यामुळेंच डच लोकांचा आल्प-द्युएझवर फार लोभ. २००६ पासून त्यांनीं एक प्रघात पाडला आहे. कर्करोगाच्या निवारणार्थ निधि जमवावयाचा आणि त्यासाठीं एका दिवसांत हीच चढण शक्य तर सहा वेळां चढावयाची. डच भाषेंत सहाला 'झेस' म्हणतात, म्हणून त्या उपक्रमाचें नांवही 'आल्प-द्युझेस' असें शब्दश्लेषाचें. त्यांत कोणी स्वतः त्या रोगांतून उठलेले असतात, कोणी आप्त गमावलेले असतात. सहा वेळां चढणारा आणि एकदांच पायीं चढणारा, दोघांनाही तेथें सारखाच मान. क्लेश तेच, रस्ता तोच. हेतु पालटला कीं तपाची जात पालटते.

आतां आपल्या घरांकडे वळूं. आपल्याकडेही हा छंद आतां पुष्कळ घरांत शिरला आहे. नाशिकचे डॉक्टर बंधु हितेंद्र व महेंद्र महाजन यांनीं २०१५ सालीं अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारें ४८०० किलोमीटरांची शर्यत जोडीनें पुरी केली. ती पुरी करणारी भारतीयांची ती पहिलीच जोडी. अशा शर्यतींत सायकल दोघे चालवितात, पण मागून गाडी हांकणारे, अन्न शिजविणारे, वाट दाखविणारे असे पुष्कळ जण रात्रंदिवस जागतात. घरांतील सामान्य हौशी मनुष्याचेंही असेंच असतें. फक्त त्याच्या मागची मंडळी दिसत नाहीं. तो रविवारीं पहांटे चारला निघतो, तेव्हां मुलांचा अभ्यास कोण घेतें? वृद्ध वडिलांना दवाखान्यांत कोण नेतें? वर्षभराची तयारी म्हणजे घरांतील कोणाचे तरी वर्षभराचे रविवार. हें ऋण ज्याला दिसतें, त्यानें खुशाल डोंगरावर जावें. ज्याला दिसत नाहीं, त्यानें प्रथम तें पाहण्यास शिकावें.

आणि हा न्याय घरांतील पुरुषांपुरताच ठेवूं नये. मुलानें सायकल घेतली कीं 'छंद चांगला आहे' म्हणावयाचें आणि सुनेनें घेतली कीं 'घराचें काय?' असें विचारावयाचें, हें तारतम्य नव्हे. घराचें काय, हा प्रश्न दोघांनाही विचारावा; आणि उत्तर समाधानकारक मिळाल्यास दोघांनाही सारखाच डबा भरून द्यावा.

व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी सांगून हें संपवितों. चाळिशी उलटलेल्यानें तयारीस लागण्यापूर्वीं वैद्याकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी. घरांत हृदयविकाराचा इतिहास असल्यास तो लपवूं नये. निदान वर्षभर क्रमाक्रमानें मेहनत वाढवावी, एकदम नव्हे. सायकलीस हलके गिअर बसवावे आणि त्यांची लाज धरूं नये. पहिली चढण अशा गतीनें चढावी कीं, शेजाऱ्याशीं पुरें वाक्य बोलतां आलें पाहिजे. ला मार्मोतमध्यें सुवर्ण वा रौप्य प्रमाणपत्राची वेळ वयाप्रमाणें ठरलेली असते. साठ वर्षांच्या माणसाला तेथें तिशीचें माप लावीत नाहींत. आपणही आपल्याला तें लावूं नये. आणि घरून निघण्यापूर्वीं, मन शांत असतांना, कोणत्या खुणा दिसल्या म्हणजे थांबावयाचें हें घरच्यांसमक्ष बोलून ठेवावें. वर, विरळ हवेंत, दहा तासांच्या श्रमांनंतर, बुद्धि चांगली वकिली करते पण न्याय करीत नाहीं. निकाल आधींच दिलेला बरा.

घरच्यांनींही आपल्या बाजूनें एक पथ्य पाळावें. पुढें-मागें पाहुण्यांसमोर 'आमचा अमका शेवटपर्यंत गेलाच नाहीं' असा शेरा मारूं नये. तो शब्द मनांत घर करतो, आणि पुढच्या खेपेस थांबावयाच्या जागीं तो मनुष्य थांबत नाहीं. स्वार घरीं परतल्यावर किती वेळांत चढलास, कितवा आलास, हें दुसऱ्या दिवशीं सावकाश विचारावें. त्या दिवशीं ऊन पाणी पुढें ठेवावें, आणि अंग कसें आहे तें विचारावें.